तिया झिंबुल आणि नाकाखालची पन्हळ

मूल बाहेर आलं की इतर सुइणी आधी मुलगा की मुलगी ते बघतात. तिया झिंबुल आधी नाकाखाली बघायची. करंगळीचं टोक बाळाच्या वरच्या ओठावरच्या पन्हळीत ठेवायची, जरा दाबायची आणि खोलीतल्या बायकांना सांगायची, "शिक्का बसलाय. जकात भरून आलंय. घ्या आत." नाळ, आंघोळ, मुलगा की मुलगी, हे सगळं त्यानंतर.

रुसे हे बंदराचं गाव. पलीकडे रुमानिया, मध्ये डॅन्यूब, आणि अर्ध्या गावाचं पोट जकातीच्या गोदामांवर. त्यामुळे हा विनोद बल्गेरियन घरांत, तुर्की घरांत, आर्मेनियन घरांत, सगळीकडे चालायचा. आमच्या ज्यू मोहल्ल्यात मात्र तो नुसता विनोद नव्हता. पोटातल्या बाळाच्या डोक्याशी दिवा जळत असतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या उजेडात बाळाला जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं, आणि एक देवदूत त्याला सगळं ज्ञान शिकवतो. जन्माची वेळ झाली की तोच देवदूत त्याच्या वरच्या ओठावर बोट मारतो. बाळ सगळं विसरतं आणि रडत बाहेर येतं. ती पन्हळ ही त्या बोटाची खूण. सिस्टरांच्या शाळेत मी फ्रेंच शिकले तेव्हा सिस्टर क्लेमांस यांनी जवळजवळ हीच गोष्ट सांगितली होती, फक्त त्यांचा देवदूत बोट ठेवून "गप्प" म्हणायचा. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझी आजी म्हणाली, "त्यांचा देवदूतसुद्धा शिस्तीचा."

आमच्याकडे मावशीला तिया म्हणतात. झिंबुल सगळ्या गावाची तिया होती. एका कल्हईवाल्याची विधवा. बुटकी, रुंद, हात मात्र लांबसडक बोटांचे, जणू दुसऱ्या कुणाचे घेऊन आलेली. अक्षरओळख नव्हती. नगरपालिकेच्या जन्माच्या कागदावर अंगठा उठवायची आणि कारकुनाला बजावायची, "नाव नीट लिही रे, पोराला जन्मभर वापरायचंय." १९४१ च्या हिवाळ्यात ती वारली. तिच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं मला माहीत नाही. माझ्या १९३४ सालच्या वहीत ती जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, म्हणून हे लिहिते.

१३ मार्च, मंगळवार, दुपारी तीन वाजता माझी पहिली मुलगी झाली. तियाची करंगळी वर गेली आणि हवेतच थांबली. शिक्का, जकात, काही नाही. तिनं बाळाला पंच्यात गुंडाळलं, त्याच्या तोंडात बोट घालून आतून चाचपलं आणि बाळ मला न दाखवता माझ्याजवळ बसली.

"एस्त्रेया, ऐक. मुलगी आहे. रडणं खणखणीत आहे. हातपाय मोजले, पुरते आहेत. वरचा ओठ डाव्या बाजूनं नाकापर्यंत उघडा राहिलाय. टाळू मी चाचपून बघितली, ती अखंड आहे. ऐकलंस सगळं? आता बघ."

मी बघितलं. आधी ऐकलं होतं म्हणून बघू शकले, एवढं मला आजही वाटतं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे बुका यांना, कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्या दारातून आल्या, वाकल्या आणि दोन पावलं मागे सरल्या.

"सशाचं तोंड! पोटुशी असताना ससा बघितलास तू!"

"आई, मी ससा कुठे बघणार? घर सोडून कुठे गेले का मी?"

"मग खाल्लास."

"ससा आपल्याला निषिद्ध आहे, आई."

"मला सांगतेस? त्या नन्सनी घातला असेल खायला शाळेत. बटाट्यांच्या खाली लपवून. मी तेव्हाच प्रेसियादोला म्हटलं होतं, फ्रेंच बोलणारी सून आणू नकोस."

तिया झिंबुल नाळेची गाठ बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "बुका, तुझ्या मुलानं फ्रेंचशी लग्न नाही केलं, हिच्याशी केलंय. गरम पाणी आण."

आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात, आजी जिवंत असतानाच. ती आजीला मिळालेली मानाची गोष्ट असते. बायका जमतात, बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवतात, प्रत्येक बाई एक चांगलं भविष्य बोलते आणि नाव ठेवलं जातं. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशीच सांगून टाकलं, "माझं नाव या तोंडाला नाही." प्रेसियादो, माझे यजमान, खाली बघत राहिले. ते बियाण्यांचे व्यापारी होते, चांगले होते, आणि आईला घाबरायचे.

पण तेव्हा नावाची काळजी करायला मला सवड नव्हती. बाळाला ओढता येत नव्हतं. फटीतून हवा जायची, दूध नाकाशी यायचं, पोर ठसकायची आणि दमून झोपी जायची. जन्मली तेव्हा ती तीन किलो शंभर ग्रॅम होती. आठव्या दिवशी प्रेसियादोनी दुकानातल्या तराजूत घातली तेव्हा दोन किलो सातशे भरली. मी तो आकडा वहीत लिहिला आणि खाली काहीच लिहिलं नाही.

तियानं मला हातानं दूध काढायला शिकवलं. पाहुण्यांना शारोपे, म्हणजे आमचा साखरेचा पांढरा मुरंबा, ज्या चांदीच्या लहान चमच्यांनी देतात त्यातला एक तिनं उचलला. पोरीला जवळजवळ उभी धरायची, चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि गिळण्याची वाट बघायची. "ओतायचं नाही. ती घेईल. तू फक्त दारात उभी राहा." एका वेळच्या दुधाला पाऊण तास लागायचा, आणि अशा दिवसातून आठ वेळा. तिया सकाळी येऊन दोन वेळचं पाजायची, मग आपल्या बाळंतिणींकडे जायची, संध्याकाळी परत यायची.

नवव्या दिवशी शेजारची राशेल आली होती. तिची जीभ म्हणजे कात्री. सासूबाई पाळण्याशेजारीच बसून तिला म्हणाल्या, "देवानं हिला लवकर नेलं तर तिचंही बरं आणि आमचंही."

तिया चमच्यानं पाजत होती.

"हळू बोल, बुका. ती ऐकतेय."

"नऊ दिवसांचं पोर ऐकतंय?"

"शिक्का न बसलेलं पोर आहे हे. नीट बघ. देवदूताचं बोट घसरलं. बाकीच्यांना तो विसरायला लावतो, हिला नाही जमलं त्याला. हिला सगळं आठवतंय. तिथलं सगळं. आणि तू आत्ता जे बोललीस तेही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "सांगणार कुणाला?"

"ज्याच्याकडून आली, त्याला."

राशेलनं तोंडातला मुरंबा घाईघाईनं गिळला आणि पाळण्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "शंभर वर्षं जग गं बाई! मी काही बोलले नाही हं, मी फक्त बसले होते!"

तिया निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेले. "तिया, हे खरं आहे?"

"मला काय माहीत? मी तर त्या देवदूताला अजून भेटलेली नाही. पण सासू गप्प बसली की नाही?"

सासूबाई नुसत्या गप्प बसल्या नाहीत. आठवड्याभरात अख्ख्या मोहल्ल्याला बातमी लागली. बायका चांगले कपडे घालून यायला लागल्या. राशेल उंबरठ्यावर थांबून आधी डोक्यावरचा रुमाल सारखा करायची. आमच्या खोलीत कुणी कुणाची निंदा करीना, त्यामुळे पाहुण्यांना बोलायला विषयच उरला नाही. आणि सासूबाई सकाळी पाळण्यापाशी येऊन "बरी आहेस ना?" असं मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारायला लागल्या. एप्रिलमध्ये चमचा त्यांनी माझ्या हातातून घेतला. "तू दमतेस. मला जमतं." खरंच जमायचं. माझ्यापेक्षा कमी सांडायचं.

पासओवरचा सण झाल्यावर एक दिवस त्याच आपल्या मुलाला म्हणाल्या, "रविवारी बायकांना बोलाव. एवढं सगळं जाणणारी पोर बिननावाची फिरते, बरं दिसत नाही." तेव्हा धाकटी बुका झाली ती. सतरा मांड्यांवरून फिरली. एकीनंही तोंड वळवलं नाही. मी मोजत होते.

दरम्यान आम्ही डॉक्टर त्सानकोव्ह यांना दाखवून आलो होतो. ते इस्पितळात नवीन आलेले शल्यवैद्य होते, व्हिएन्नाला शिकलेले. त्यांनी कागदावर चित्र काढलं. पोटातल्या दुसऱ्या महिन्यात चेहरा एकसंध नसतो, ते म्हणाले. एक भाग कपाळाकडून खाली उतरतो, दोन भाग दोन्ही गालांकडून येतात, आणि तिघे नाकाखाली एकमेकांना मिळतात. तुमच्या आमच्या ओठावर दोन बारीक उंचवटे आहेत, तिथे हे जोड आहेत, आणि त्यांच्यामधली पन्हळ म्हणजे मधला भाग.

तिया पुढे वाकून बघत होती. "म्हणजे तीन शिंपी तीन बाजूंनी शिवत येतात."

"तसंच म्हणा."

"आणि डावीकडचा उशिरा पोचला."

"अगदी."

"कापड आहे ना पण पुरेसं?"

डॉक्टरांनी बाळाचा ओठ दोन बोटांनी हलकेच जवळ आणून बघितला. "आहे. पण आत्ता नाही. एवढ्याशा जिवाला गुंगीचं औषध सोसणार नाही. पाच किलोची करून आणा. आणि जुलैच्या मध्याच्या आत आणा, नंतर माझी सोफियाला बदली आहे. इथे हे काम करणारा दुसरा कुणी नाही."

मग माझं सगळं आयुष्य पाच किलोंभोवती फिरायला लागलं. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या सुट्टीसाठी दुकान बंद करायच्या आधी, प्रेसियादो तराजूचं पारडं पुसायचे, त्यावर रुमाल घालायचे. तीन आठशे. चार. चार दोनशे. एका आठवड्यात खोकला झाला, तेव्हा पन्नास ग्रॅम उतरले, आणि मी दुकानातच रडले. १५ जूनला काटा पाचावर आला. प्रेसियादोनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना फुकट मुळ्याचं बी वाटलं.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पोरीला उचललं आणि छातीशी धरलं.

"शिवायचं नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तो डॉक्टर तिथं खाच पाडणार. खाच पडली की ती विसरेल."

"आई, ती उपाशी राहून राहून—"

"उपाशी? माझ्या हातून? पाच किलो झाली ती कुणाच्या हातून?" आणि मग आवाज खाली आणून, माझ्याकडे न बघता, "मी तिला मोशोनबद्दल विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही."

मोशोन हा प्रेसियादोंचा थोरला भाऊ. १९१७ साली महायुद्धात दोयरानच्या आघाडीवर गेला तो परत आला नाही. बेपत्ता, एवढाच कागद आला होता. कबर नाही, तारीख नाही. सासूबाई एप्रिलपासून चमच्यामागून चमचा पाजताना हळू आवाजात काय बोलत होत्या, ते मला तेव्हा समजलं. मला वाटत होतं, त्या अंगाई म्हणताहेत.

प्रेसियादो आईला काही बोलेनात. दोन दिवस उशिरा घरी आले. जुलैच्या मध्याला चार आठवडे उरले होते. मी तियाला निरोप धाडला.

ती सोमवारी आली. सासूबाई खिडकीशी पोरीला घेऊन बसल्या होत्या. तिया त्यांच्या समोर जमिनीवरच बसली. असं बसलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. ती नेहमी उभी असायची नाहीतर वाकलेली.

"बुका, मी खोटं बोलले."

"काय खोटं?"

"देवदूताचं. मी ते तिथल्या तिथं रचलं. तू पोरीच्या मरणाची वाट बघत होतीस. तुझं तोंड बंद करायला मला दुसरं काही सुचलं नाही."

सासूबाई हसल्या.

"खोटं तू आत्ता बोलतेयस. त्या डॉक्टरानं शिकवून पाठवलंय तुला. मी हिच्या डोळ्यांत बघते रोज. ही जाणते."

तियानं माझ्याकडे बघितलं. इतकं हताश तोंड मी तिचं माझ्या बाळंतपणातही बघितलं नव्हतं. आपणच पेरलेलं उगवलं होतं आणि आता उपटता येत नव्हतं.

मग ती म्हणाली, "बरं. जाणते तर जाणते. तीन महिन्यांत तुला काय सांगितलं तिनं?"

"सांगेल."

"कशानं? मोशोन म्हण बघू. हळूच म्हण. ओठ काय करतात?"

सासूबाईंनी नाव घेतलं. ओठ मिटले, उघडले.

"मिटावे लागतात ना आधी? हिचे मिटत नाहीत. तुझ्या पोराचं नावसुद्धा हिला घेता यायचं नाही, बाकीचं राहू दे. सगळं माहीत आहे आणि तोंडातून एक शब्द काढता येत नाही. बुका, माझा शेजारी पक्षाघातानं पाच वर्षं तसा पडून होता. तू बघितलायस त्याला. हिला तसं ठेवायचंय?"

"पण ती विसरेल त्याला."

"हिनं त्याला बघितलं असेल नाहीतर नसेल, मला ठाऊक नाही. तू बघितलायस. एकवीस वर्षं तुझ्या घरात होता तो. प्रेसियादो तेव्हा लहान होता, त्याला अर्धं आठवत नाही. ही एस्त्रेया तर नंतर आली. तू गेलीस की त्याच्याबद्दल सांगणारं कोण राहील? सगळं शिकून आलेल्या पोरीला तू काय सांगणार? कोरी पोर असली तर ऐकेल तरी."

सासूबाईंनी पोरीला मांडीवर सरळ केलं. खाली रस्त्यावरून बोझावाला, बाजरीचं आंबूस पेय विकणारा, हाळी देत पुढे गेला.

"मला गुरुवारपर्यंत वेळ द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "मला तिच्याकडे निरोप द्यायचेत. विसरायच्या आधी."

आम्ही पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. ते दहा दिवस त्यांनी पोरीला जवळजवळ खाली ठेवलं नाही. मी दूध घेऊन आत गेले तेव्हा एकदाच एक वाक्य कानावर पडलं. "त्याला म्हणावं, कोट मी अजून कुणाला दिलेला नाही, पण आता देणार आहे." त्यांनी खरंच दिला. राशेलच्या जावयाला तो खांद्यात तंग झाला.

२८ जूनला सकाळी इस्पितळात पोरीला आत नेलं ते तियानं. परिचारिकेनं तिला अडवलं तर ती म्हणाली, "बाई, हिला या जगात मी आणलीय. चार पावलं आणखी नेते." चाळीस मिनिटं लागली. बाहेरच्या बाकावर मी आणि सासूबाई बसलो होतो, आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला होता. इतका घट्ट, की माझ्या अंगठीचा वळ दोन दिवस राहिला.

डॉक्टर बाहेर आले. "झालं. चांगलं झालं."

"खाच पाडलीत?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न समजला नाही. "पन्हळीचं म्हणता? तेवढी सुबक नाही जमली, आजी. एका बाजूला टाक्यांची रेघ दिसणार. वयानुसार फिकी होईल."

"म्हणजे अर्धीच," सासूबाई म्हणाल्या, आणि मला वाटतं, त्यांना त्यात समाधान होतं.

पुढचे दहा दिवस पोरीच्या दोन्ही हातांवर पुठ्ठ्याच्या बाह्या होत्या, कोपर वाकून बोटं टाक्यांपर्यंत जाऊ नयेत म्हणून. ती छोट्या शिपायासारखी दिसायची. पुन्हा चमचा, पुन्हा पाऊण तास, आणि रडू द्यायचं नाही, टाके ताणतात. प्रेसियादो तिला खांद्यावर घेऊन अख्ख्या घरातून फिरायचे आणि बियाण्यांची नावं पुटपुटायचे, भोपळा, काकडी, गाजर, कारण त्यांना दुसरं काही पाठ नव्हतं. ५ जुलैला डॉक्टरांनी टाके काढले. ८ जुलैला, रविवारी, त्यांनी परवानगी दिली.

मी खाटेवर बसले. मला भीती वाटत होती की आता ती घेणारच नाही. चार महिन्यांत तिला छाती माहीतच नव्हती. सासूबाई एका बाजूला, तिया दुसऱ्या बाजूला. पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं, किंचाळली.

"चमचा आणते," सासूबाई म्हणाल्या.

"बस खाली," तिया म्हणाली. तिनं करंगळी दुधात बुडवली, पोरीच्या वरच्या ओठावर, टाक्यांच्या रेघेच्या शेजारी, हलकेच टेकवली आणि बोट हळूहळू माझ्याकडे सरकवत आणलं. पोर बोटामागून आली. ओठ मिटले. आधी काहीच झालं नाही. मग मला ओढ जाणवली, छातीपासून थेट पाठीपर्यंत. मग गिळल्याचा आवाज. मग दुसरा. दूध कुठूनही बाहेर आलं नाही. सोळा मिनिटांत ती पोट भरून झोपली. वहीत मी सोळाच्या खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

सासूबाईंनी पदर नाही, पण तसाच आपला डोक्यावरचा रुमाल डोळ्यांना लावला. मग खुर्ची जवळ ओढली, झोपलेल्या नातीच्या कानाशी वाकल्या आणि नेहमीच्या आवाजात, कुजबुज न करता, सुरुवात केली, "हे बघ, तुला एक काका होता. तो सहा वर्षांचा असताना जकातीच्या गोदामाच्या छपरावर चढला आणि खाली उतरेचना..."

दारात एक आर्मेनियन माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिया इथे आहे असं त्याला कळलं होतं.

"पहिलटकरीण आहे का?" तियानं विचारलं.

"हो."

"मग अजून बराच वेळ आहे." तिनं पिशवी उचलली, हात धुतले, पुसले आणि निघाली. उंबरठ्याशी थांबून मागे वळली. "बुका, तो छपरावरून कसा उतरला ते मी आल्यावर सांग. मलाही ऐकायचंय."